नाही म्हणणाऱ्याचं ताट

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला, ख्रिस्ती झालेल्यांबद्दलचे ‘पोटासाठी बाटले’ हे शब्द पहिल्यांदा कधी ऐकले ते सांगता येत नाही. ते कानावर असतातच. लग्नाच्या पंगतीत, निवडणुकीच्या आधी टपरीवर, कुणाचं आडनाव ऐकून कपाळाला पडलेल्या आठीत. म्हणणारा दर वेळी द्वेषानेच म्हणतो असंही नाही. बऱ्याचदा त्याचा बाप मिशनच्याच शाळेत शिकलेला असतो, बायकोचं बाळंतपण मिशनच्याच दवाखान्यात झालेलं असतं. तरी शब्द येतात, आणि आजूबाजूचे मान डोलावतात. हिशेब मिटला.

हे वाक्य सरसकट खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. काही घरांच्या बाबतीत ते खरं असणार. मला खटकते ती त्यात पोटाला दिलेली हलकी जागा. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ ही म्हण आपणच घडवली आणि आपण ती स्वतःसाठी हसत हसत वापरतो. वावराच्या बांधासाठी सख्खा भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तिकिटासाठी माणूस रातोरात पक्ष बदलतो, त्याला आपण व्यवहार म्हणतो. चार दिवसांच्या उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याचा देव घेतला की मात्र तो बाटला.

आणि प्रश्न नेहमी खाणाऱ्यालाच. का गेलास? कशासाठी गेलास? मनापासून गेलास की ताटासाठी? वाढणाऱ्याच्या मनाची झडती सहसा कुणी घेत नाही. घेतली तरी ‘परकीय पैसा’ एवढ्यावर थांबते. मला वाटतं, मिशनच्या अन्नदानाकडे बघताना एकच गोष्ट तपासावी. जो ‘मला तुमचा देव नको’ म्हणाला, त्याच्या ताटात काय पडलं?

ही कसोटी घेऊन मागे गेलं की पहिली गाठ मिशनऱ्यांशी पडत नाही, सरकारशी पडते. 1876 ते 1878 चा दुष्काळ. दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळत होता, आणि कलकत्त्याहून सर रिचर्ड टेंपल यांना खर्च आवरायला पाठवलं होतं. त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी बांधून दिली: एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. गरजू खरोखर गरजू आहे की नाही हे कळावं म्हणून काम त्याच्या घरापासून दहा मैलांच्या आत द्यायचं नाही, असाही दंडक घातला. उपाशी माणसाने आधी दहा मैल चालून उपास सिद्ध करायचा. मुंबई इलाख्यात ही मजुरी लागू झाली तेव्हा लोकांनी कामावर बहिष्कार टाकला, हजारोंनी काम सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारला अर्जांवर अर्ज करत होती.

म्हणजे अट सगळ्यांनीच घातली होती. सरकारने कष्टाची घातली, काही मिशनांनी श्रद्धेची. गावातल्या अन्नछत्रातही अट होतीच, ती पंगतीतल्या जागेची होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कोण आत बसणार, कोण उकिरड्याच्या कडेला बसणार, हे ताट मांडण्याआधीच ठरलेलं असायचं. त्याच दुष्काळात जोतिराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून मुलांना जेवू घातलं, आणि सावित्रीबाईंनी 1877 च्या एप्रिलमध्ये ओतूरहून जोतिरावांना तिकडच्या हालांचं पत्र लिहिलं. ते नाव इथे मुद्दाम घेतो. अटीशिवाय जेवण घालता येतं हे तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही.

मिशनांपैकी ज्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त विचारात पाडते ते आपल्याकडचं नाही, आंध्रातल्या ओंगोलचं आहे. जॉन क्लाऊ हे तिथले अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी. याच दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट स्वतः घेतलं, आणि माडिगा वगैरे अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या हजारो लोकांना तिथे काम दिलं. लोक बाप्तिस्मा मागायला लागले तेव्हा क्लाऊ नाही म्हणाले. दुष्काळ संपेपर्यंत कुणालाही बाप्तिस्मा द्यायचा नाही, असं ठरवून वर्षाहून जास्त काळ त्यांनी दार लावून घेतलं. भाकरीसाठी आला असं कुणी म्हणू नये, हा हेतू. पाऊस पडला, काम थांबलं, वाटायला काही उरलं नाही. त्यानंतर 3 जुलै 1878 या एका दिवसात 2,222 लोकांनी बाप्तिस्मा घेतला.

हा आकडा मिशनच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो. टीकाकार म्हणतात, पोट भरल्यावर आलेली कृतज्ञताही पोटातूनच आली. मला दोन्ही बाजूंची घाई कळत नाही. कालव्यावरचा तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हजेरीपटावर नावाने लागला होता. मुकादमाने त्याला शिवी न देता हाक मारली होती. उद्या पुन्हा वेळ आली तर आपल्या बाजूने साहेबाशी बोलायला कुणीतरी आहे, एवढं त्याने पाहिलं होतं. यात भाकरी किती, मान किती आणि देव किती, हे तोडून दाखवा म्हणणाऱ्याने आधी स्वतःची श्रद्धा तशी तोडून दाखवावी. आपण ज्या देवाला जातो तो आपल्याला कुणी, कोणत्या घरात, कोणत्या सणाच्या ताटासोबत दिला, हे जरा आठवून बघावं.

क्लाऊंचं मोठेपण त्या 2,222 मध्ये नाही. दुष्काळ चालू होता तोवर बाप्तिस्मा घेतलेल्याला आणि न घेतलेल्याला फावडं सारखंच मिळत होतं, मोठेपण त्यात आहे. नव्या कुणाला पाण्यात घ्यायचंच नाही म्हटल्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्याचं नुकसान व्हायची सोयच उरली नव्हती.

सगळीकडे असं झालं नाही. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याची पिकं गेली तेव्हा काही प्रॉटेस्टंट प्रचारकांनी कॅथलिक उपाशांना सूप दिलं आणि बदल्यात पंथ मागितला. ते सूप घेणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं आजही टोमणे ऐकतात म्हणे. त्याच देशात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कढया चढवल्या आणि कुणाला काहीच विचारलं नाही. दोघांच्या हातात एकच पवित्र शास्त्र होतं. गंमत अशी की त्या शास्त्रात अन्नाच्या रांगेचं भांडण अगदी सुरुवातीलाच आलेलं आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडून सहावा अध्याय काढा. यरुशलेममधल्या पहिल्याच ख्रिस्ती मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होते अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी त्यांना प्रवचन दिलं नाही, स्तेफनासह सात माणसं नेमली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. मंडळी म्हणून घेतलेल्या पहिल्या मोठ्या निर्णयांपैकी हा एक, आणि तो वाढप्यांच्या नेमणुकीचा! शिवाय योहानाच्या शुभवर्तमानात खुद्द येशूच भाकरी खाऊन मागे आलेल्या गर्दीला सुनावतो, की तुम्ही माझ्यामागे आलात ते भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून. त्याला ते कळत होतं. पण हे सुनावलं ते सगळ्यांना पोटभर वाढून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. अनेक मिशनऱ्यांनी हा क्रम उलटा केला.

आता केडगाव.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. रमाबाईंबद्दल मराठीत दोनच सूर लागतात, एक आरतीचा आणि एक तक्रारीचा. दोन्हींत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे ही बाई स्वतः दुष्काळात उपाशी मरता मरता राहिलेली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, भावंडं, असं ते विद्वान कुटुंब पुराणं सांगत तीर्थं फिरायचं. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, दक्षिणा आटली, आणि घरातली भांडीकुंडी विकून झाली. मोलमजुरी करायची सवय नव्हती, भीक मागायला विद्वत्ता आड येत होती. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात ते मरायला म्हणून गेले. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले, हे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ चालत चालत देश पार करून 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले, आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हटलं. पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, मग ते पुण्याला आलं, आणि 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले.

त्या वादळावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला ओढ आहे ती त्यानंतरच्या तीन वर्षांनी घडलेल्या गोष्टीची. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई उठून तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांभोवती तरण्या पोरी हेरणारे दलाल फिरतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. तीनशे मुली आणायच्या असा मनाशी आकडा धरला आणि आणायला सुरुवात केली. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी नाही. म्हणून केडगावला आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू-झोपड्या ठोकल्या. 1900 मध्ये गुजरातेत छप्पन्नचा (विक्रम संवत 1956 चा) दुष्काळ आला तेव्हा तिथूनही मुली आणल्या, आणि माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार हा आकडा वाचून पुढे सरकू नये, जरा चुलीपाशी बसावं. माणशी एका वेळेला दोन भाकरी धरल्या तरी दोन वेळच्या मिळून आठ हजार भाकऱ्या. तेवढ्याला रोज पोत्यांनी पीठ लागणार, आणि ते जात्यावर निघणार. पाणी विहिरीतून, दुष्काळात आटत चाललेल्या. आलेल्या मुलींपैकी कितीतरी जणींना एकदम पोटभर देऊन चालत नाही. उपाशी आतडं एकदम जड अन्न घेत नाही, आधी पेज, मग पातळ कण्या, आणि मग कुठे भाकरीचा तुकडा. उपाशी पोरगी हे ऐकत नाही. ती चोरून खाते, उशाखाली तुकडे दडवते, शेजारणीच्या ताटावर झडप घालते. हे कुठल्याही अनाथाश्रमातल्या, कुठल्याही छावणीतल्या माणसाला विचारा. ज्या बाईने स्वतः अकरा दिवस पाला खाल्ला होता, तिला त्या पोरीच्या हातातला दडवलेला तुकडा बघून काय वाटलं असेल याची कल्पना मी करतो, आणि तक्रारीचा सूर लावायला माझी जीभ धजत नाही.

पण माझीच कसोटी मला इथे गप्प बसू देत नाही. नऊ वर्षांची पोर, मागे कुणी नाही, जिने अन्न दिलं तीच आई, ती पोर ‘तुमचा देव नको’ कसं म्हणणार? मुक्ती सदन हे उघडउघड ख्रिस्ती घर होतं. शारदा सदनात पाळलेला धर्माबाबतचा तटस्थपणा तिथे नव्हता, आणि 1905 मध्ये तिथे प्रार्थनेची जी लाट उसळली तिची बातमी जगभरच्या चर्चमध्ये गेली. तिथे वाढलेल्या मुलीच्या श्रद्धेला खोटं म्हणायचा अधिकार मला नाही, पण तिच्यासमोर दुसरी वाट होती असंही म्हणता येत नाही. हे दोन्ही एकदम खरं आहे. यातलं एक सोडून दिलं की लेख सोपा होतो आणि माणूस खोटा.

दुसरी वाट का नव्हती, हाही प्रश्न आहे, आणि तो तेव्हाच्या काही शहाण्या लोकांना डाचला होता. लाला लजपतराय यांनी 1897 पासून दुष्काळातल्या हिंदू अनाथांसाठी आर्य समाजामार्फत आश्रम उभे केले, आणि 1901 च्या दुष्काळ आयोगापुढे अनाथ मुलं मिशनांकडे सोपवण्याच्या पद्धतीविरुद्ध साक्ष दिली. पंढरपूरला प्रार्थना समाजाचा बालकाश्रम 1875 पासून होता. मिशनऱ्यांच्या ताटाला खरं उत्तर दिलं ते या लोकांनी, दुसरं ताट मांडून. टपरीवरच्या वाक्याने पेजेची एक वाटीसुद्धा भरलेली नाही.

1900 मध्येच न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज मुंबईला आलं. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांकडून मदत गोळा करून जवळजवळ दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे पाच हजार टन मका पाठवला होता. वाटप मिशनऱ्यांमार्फत झालं. त्या साप्ताहिकाचे मालक लुई क्लॉप्श स्वतः हिंदुस्थानात आले, हिंडले, आणि हाडं उरलेल्या माणसांचे फोटो पानोपानी छापून आले. त्या फोटोंशिवाय मका आला नसता. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याला दख्खन कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, बरगड्या मात्र कळत होत्या. पण त्या फोटोतल्या माणसाला आपण कुठे छापले जातोय हे कधी समजलं नाही, त्याचं नावही खाली नाही. या फोटोंपाशी पुन्हा यायचं आहे.

विसाव्या शतकात मिशनचं अन्न आणि सरकारचं अन्न एकाच पोत्यात यायला लागलं. 1954 मध्ये अमेरिकेत पीएल-480 हा कायदा झाला आणि तिथलं जादा पिकलेलं धान्य, दूध पावडर, तेल चर्चच्या मदतसंस्थांमार्फत जगभर वाटलं जाऊ लागलं. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो हे दोन शब्द घराघरांत पोचले. माझी आई त्या वेळी खडी फोडायच्या कामावर होती. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. आई म्हणते, भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची, पण नाव ठेवायला तोंड रिकामं कुठे होतं! मिशनच्या कंपाउंडात दूध पावडर कालवून द्यायचे, तिला वास यायचा, तरी भांडी घेऊन पोरं उन्हं वर यायच्या आत रांगेत. तिथे कुणी प्रार्थना म्हणायला लावायचं का, असं मी विचारलं. ‘म्हणायचे की. आम्हीबी म्हणायचो. घरी येऊन मारुतीला दिवा लावायचो.’ तिला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. माझ्या सगळ्या कसोट्यांपेक्षा हा निबरपणा मला जास्त आवडतो. उपाशी माणूस बिचारा असतो हे देणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आहे. रांगेतला माणूस आपला हिशेब करत असतो, कुठे मान डोलवायची आणि कुठे मनात कुलूप घालायचं हे त्याला पक्कं कळतं.

सारखं देत राहण्याचा कंटाळा, किंवा लाज म्हणा, देणाऱ्यांतल्या काही जणांना याच सुमारास आली. अन्न वाटून वाटून पुढच्या उन्हाळ्यात रांग तेवढीच. मग काहींनी ओगराळं बाजूला ठेवून जमिनीत हात घातला. जालन्याच्या मिशनच्या लोकांनी बोअर घ्यायची यंत्रं आणली. बोअर झाले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप टिकेनात. ते पंप मुळात परदेशातल्या एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले, आणि इथे एकावर अख्खं गाव तुटून पडायचं. युनिसेफने 1974 मध्ये पाहणी केली तेव्हा चारपैकी तीन पंप बंद निघाले. जालन्याच्या मंडळींनी खटपट करून पोलादी पंप बनवला, त्यावरून सोलापूरला आणखी सुधारलेला बनला, आणि सोलापूर पंपावर बेतून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. आज कुठल्याही वाडीत, वस्तीत, शाळेच्या आवारात जो हापसा दिसतो तो हा. त्याच्यावर क्रूस नाही, कुठल्या संप्रदायाचं नाव नाही, आणि हापसताना कुणाला काही म्हणावं लागत नाही. जातीवरून हापशाला हात लावू न देणारे लोक पुढेही निघाले, पण तो दोष पंपाचा नव्हे.

आमच्या जिल्ह्यात फादर हर्मन बाखर हे नाव जुन्या माणसांना ठाऊक आहे. स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू, 1948 मध्ये भारतात आले आणि आयुष्याचा मोठा भाग नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात घालवला. पुढे त्यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, 1993 मध्ये वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांचं नाव त्या कामामुळे झालं. या कार्यक्रमातही अटी होत्या, चांगल्या कडक: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. अट म्हटली की मला लगेच ‘नाही’ म्हणणारा दिसतो. इथे तो मेंढपाळ होता. डोंगर चराईला बंद झाला की बागायतदाराच्या विहिरीला पाणी वाढतं आणि मेंढरांच्या तोंडचा पाला जातो. ही कुरबूर झाली, आणि काही ठिकाणी चराईबंदी एकदम न लावता टप्प्याटप्प्याने लावून मार्ग काढावा लागला. देवाची अट काढली म्हणजे अट संपली असं होत नाही. नवी अट कुणाच्या पाठीवर पडते ते बघावंच लागतं.

1994 मध्ये रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आचारसंहिता केली. मदतीचा उपयोग राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. ती पुढे आणणाऱ्यांत कॅथलिक, लुथरन आणि जागतिक चर्च परिषदेच्या संस्था होत्या. हे त्यांनी स्वतःहून लिहून दिलं, याचं श्रेय द्यायला आपल्याकडे कुणी फारसं तयार नसतं. उलट आजही छोटे छोटे प्रचारक वस्त्यांवर रेशनची पिशवी आणि पत्रक एकाच हाताने देताना दिसतात, त्यांच्यावर बोट ठेवायला चर्चमधलेही कचरतात. दोन्ही खरं आहे.

2020 च्या टाळेबंदीत आमच्या तालुक्याच्या गावी एका चर्चच्या हॉलमध्ये धान्याच्या पिशव्या भरायचं काम चाललं होतं. मी ख्रिस्ती नाही, पण हात मोकळे होते म्हणून जात होतो. पिशवीत पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, साबणाची वडी. ऊसतोडीच्या कोप्या, पारध्यांची पालं, नाक्यावर अडकलेले परप्रांतीय, अशी यादी होती. एका दुपारी पालावरची एक म्हातारी दारात उभी राहिली, उंबरा ओलांडेना. पाळकसाहेबांनी विचारलं, ‘काय झालं मावशी?’ ती म्हणाली, ‘पिरार्थनेला बसावं लागतं का? आमच्यात देवीचं हाय, चालत न्हाई.’ पाळकसाहेब म्हणाले, ‘नका बसू. पिशवी उचलता येईल का, का पोरगं देऊ संगं?’ पोरगं म्हणजे मी, पन्नाशीचा. पालापर्यंत ती पिशवी मी नेली. वाटेत तिने मला डाळ कमी भरलीय असं सुनावलं, आणि ते बरोबर होतं.

प्रार्थनेचा प्रश्न तिथे एका वाक्यात सुटला. अडलं ते फोटोवर. ज्या शहरातल्या मंडळाने पैशांचा मोठा वाटा उचलला होता, त्यांना पिशवी घेणाऱ्या प्रत्येकाचा फोटो हवा होता, चेहरा दिसेल असा, मागे फलक दिसेल असा. ते मंडळ ख्रिस्तीही नव्हतं, सगळ्या धर्मांचे सुखवस्तू लोक त्यात होते. त्यांचंही चुकत नव्हतं, वर्गणीदारांना हिशेब द्यायचा होता. क्लॉप्श यांच्या साप्ताहिकालाही हेच हवं होतं. पण पिशवी घेणाऱ्या कुटुंबांत काही असे होते की ज्यांनी महिन्यापूर्वी स्वतः गणपतीला, यात्रेला वर्गणी दिली होती. रिक्षावाले, केशकर्तनालयवाले, लग्नातले बँडवाले. ते फोटोसाठी हात पुढे करताना मान खाली घालत. एक जण पिशवी ठेवून निघूनच गेला. म्हणजे ‘नाही’ म्हटला आणि उपाशी गेला. प्रार्थना नव्हती, तरी दिलेल्या अन्नाच्या बदल्यात मान मागितलाच होता.

पाळकसाहेब त्या रात्री त्याच्या घरी पिशवी ठेवून आले. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बैठक झाली, बरीच वादावादी झाली. एक जण म्हणाला, पैसे बंद झाले तर पुढच्या आठवड्यात काय वाटणार? त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. तरी शेवटी फोटो बंद करायचं ठरलं. मंडळाला दुकानदाराची बिलं, पोत्यांची मोजदाद आणि रिकाम्या हॉलचा एक फोटो पाठवला. मंडळाने पुढचा हप्ता दिला नाही. मग गावातल्या किराणा व्यापाऱ्याने उधारीवर माल दिला, गुरुद्वारातून तांदूळ आला, आणि पिशव्या पहिल्यापेक्षा लहान झाल्या. डाळ अर्ध्या किलोवरून पावशेरावर आली. म्हातारीने तेही सुनावलं.